न्याऱ्याची माती

लखनऊच्या चौकातल्या सराफ्यात यमुनाबाई हसबेला कुणी नावानं ओळखत नाही. 'मराठिन' म्हटलं की पुरे. विट्याच्या पलीकडच्या कुसळं उगवणाऱ्या माळावरनं ती इथं आली, कारण नवरा रमाकांत गलाई करायचा. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. त्या कामापायी खानापूर-आटपाडीकडची माणसं साऱ्या मुलखात पांगलीत. कुठल्याही शहराच्या सराफ्यात शिरा, एखाद्या बोळात नाक चुरचुरवणारा तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा वास आला की खुशाल समजायचं, आत आपला माणूस बसलाय.

रमाकांत भट्टीपुढं बसून बसून अर्धा मुका झालेला. त्याच्या वाटणीचंही यमुनाबाईच बोलायची. तोंडानं फाटकी आणि हातानं त्याहून. एकदा एका गिऱ्हाइकानं 'माल में कुछ कम लग रहा है' एवढंच म्हटलं, तर तिनं घमेलं फेकून मारलं. गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परत आलं, पण उंबऱ्याबाहेर उभं राहून बोललं.

भट्टीच्या खोलीत पायताण चालायचं नाही. हा रमाकांतच्या बापाचा नियम. चपलेच्या तळव्याला सोन्याचा कण चिकटून गेला तर तो रस्त्याचा झाला. म्हणून सगळ्यांनी अनवाणी वावरायचं, बाहेर पडताना तळवे ओल्या फडक्यानं पुसायचे, आणि ते फडकंही टाकायचं नाही. झाडलोट, फुटक्या मुशी, झिजलेला झाडू, हातमोजे, सगळं साठवायचं. मग ते जाळून, दळून, धुऊन त्यातनं धातू काढायचा. ह्या साठवलेल्या केरकचऱ्याला म्हणतात न्यारा. गलाईवाल्याच्या घरात माती वाया जात नाही.

यमुनाबाईला साखर होती. गोळ्या होत्या, त्या आठवण झाली की घ्यायची. तळव्यांना चटका कळेना, टोचलेलं कळेना, तेव्हा तिला वाटलं, भट्टीनं भाजून भाजून पाय पक्के झाले. बायकांना ती ते अभिमानानं सांगायची. "निखाऱ्यावर हुबी ऱ्हाते म्या. आमचा धंदाच तसला हाय."

त्या मे महिन्यात आंधी आली.

दिवसभर अशी लू, भाजून काढणारा वारा, चालली होती की कुत्री गटारात पोट टाकून पडलेली. दुपार कलताना यमुनाबाई चहा घेऊन भट्टीच्या उंबऱ्याशी आली आणि उजेड पिवळा पडला, मग तांबूस झाला, मग गेलाच. रमाकांत मान वर न करता म्हणाला, "आंधी हाय. मूस उतरवतो आन् येतो. तू शेजारी नफीसमियाँकडं हो." तेच त्याचं शेवटचं बोलणं. त्यात जपून ठेवावं असं काही नव्हतं.

वारा गल्लीत मावेना. घराघरावरचे पत्रे उचकटले. एक पत्रा गिरक्या खात आला आणि समोरच्या दुकानाच्या फळीत कुऱ्हाडीसारखा रुतला. तारा तुटून एकमेकींवर फुत्कारायला लागल्या. पाण्याची टाकी कुणाच्या तरी गच्चीवरनं सुटली ती एका स्कूटरवर फुटली. भट्टीच्या मागच्या इमारतीवर चौथा मजला चढवत होते. नुसती विटांची उंच भिंत, ना खांब ना आधार. वाऱ्यानं खांदा लावला. भिंत वाकली नाही, तुकडे तुकडे पडली नाही, दार उघडावं तशी अख्खी आडवी झाली आणि भट्टीच्या छपरावर आली.

यमुनाबाई गल्लीत फेकली गेली. उठली तेव्हा पुढं खोली नव्हती. मुशीतली तापली चांदी विटांवर सांडून विटा तडतडत होत्या. तेजाबाचे कॅन फुटून तांबडा धूर निघत होता. त्या धुराचा एक घोट आत गेला की छाती आतनं सोलून निघते. त्या धुरात ती शिरली. हातांनी विटा उपसल्या, नखं उलटली. आणि तिला हात दिसला. कोपरापासून पुढचा, रमाकांतचा. बोटं उघडमीट करत होती.

तिनं ती बोटं धरली आणि त्याच वेळी मागनं कुणीतरी तिचे केस धरले. शेजारचे नफीसमियाँ. चांदीचा वरक कुटणारा किरकोळ अंगाचा म्हातारा, पण जन्मभर हातोडा चालवलेला. त्याची पकड सांडशीसारखी. ती त्याच्या मनगटाला चावली. दात हाडापर्यंत गेले. तिच्या तोंडात त्याचं रक्त आलं, तरी त्यानं सोडलं नाही. केसांनी फरफटत त्यानं तिला बाहेर काढली आणि मागं उरलेलं छप्पर खाली आलं.

गुलाला घाटावर चितेपाशी लोक म्हणाले, जागच्या जागी गेले, तकलीफ़ नहीं हुई. डॉक्टर तेच म्हणाले. गावाकडनं आलेले दीर तेच म्हणाले. मुलगा विश्वजित तर तेच म्हणत रडला. यमुनाबाई कुणाला काही बोलली नाही. बोटांची उघडमीट तिच्या तळहातात होती.

तेरावं झालं तशी ती अलीगंजच्या घरातनं निघाली आणि चौकात येऊन ढिगाऱ्यावर चढली. अनवाणी. चाळण घेतली, पाटी घेतली आणि विटांच्या चुऱ्यातनं भट्टीची माती वेगळी करायला लागली. त्या मातीत सोनं होतं, चांदी होती, आणि रमाकांत होता. ती मूठ मूठ चाळायची, पोत्यात भरायची. कुणी मदतीला आलं तर खडा भिरकवायची.

नफीसमियाँ आपल्या दुकानात बसून वरक कुटत असायचे. ठक, ठक, दिवसभर. मनगटाला पट्टी. सकाळी ती दिसली की म्हणायचे, "आदाब, भाभी." ती त्यांच्या पायरीसमोर थुंकायची. ते दुसऱ्या दिवशी परत म्हणायचे, "आदाब, भाभी."

एका सकाळी आदाब झाला नाही. ते खाली वाकून फरशीकडं बघत होते. ढिगाऱ्यापासून नळापर्यंत लाल पाऊल उमटत गेलेलं, फक्त एकच, डावं.

"भाभी, आपके पाँव में कील है।"

"तुज्या डोळ्यात घाल ती."

"हुज़ूर, डाल लूँगा। पहले निकालिए तो।"

तिनं तळवा वर केला. फळीतला गंजका खिळा टोपीपर्यंत आत गेलेला. कधी गेला तिला ठाऊक नव्हतं. तिनं सांडशीनं तो उपसला, चिंधी बांधली, आणि रक्त पुसलेलं फडकं सवयीनं न्याऱ्याच्या पोत्यात टाकलं.

आठवडाभरानं विश्वजित घरात नाक वर करून हिंडत होता. तो इथंच वाढलेला, एका खासगी बँकेत होता. आईचं मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत.

"आई, ये बदबू किस चीज़ की है?"

"उंदीर मेला आसंल कुठंतरी."

त्यानं तिच्या पायावरची चादर ओढली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळंठिक्कर पडलेलं, चिंचेसारखं. त्यानं तिथंच भडाभडा ओकलं. मग तिला उचलली. ती त्याला बुक्क्या मारत होती, शेजारी जिन्यात उभे होते, आणि तो रडत, शिव्या देत, तिला खांद्यावर टाकून उतरत होता.

दोन्ही बोटं गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: दोन वेळा इन्सुलिन, ड्रेसिंग, आणि हा पाय जमिनीला लागता कामा नये. लागला तर पुढं घोट्यापासून कापायला लागेल. यमुनाबाई म्हणाली, "कापा की. तुमचं काय जातंय."

ड्रेसिंगला विश्वजित तिला महानगर भागातल्या एका दवाखान्यात न्यायचा. तिथं उत्कर्षा नावाची बाई होती. आधी फौजेच्या इस्पितळात नर्स, नवरा सुभेदार, राहायला छावणीत. जाड बांध्याची, तोंडात बडीशेप, आणि हात असा की मेलेलं कातडं कात्रीनं उडवताना भेंडी चिरल्यासारखी चिरायची.

"काहून वो माय, मले शिव्या देता? बोटं मी थोडीच खाल्ली तुमची."

"कुठली गं तू भवाने?"

"हिंगणघाटची. आन् तुम्ही?"

"इट्याकडची. तुला सांगून काय उजेड पडायचा?"

"नोको पडू दे. पाय खाली टेकवला का?"

"न्हाई."

उत्कर्षानं जखमेवर सलाईनची धार सोडली. विटकरी पाणी ट्रेमध्ये ओघळलं. एक काचेचा कण टिणकन पडला. तिनं चिमट्यानं तो उचलून यमुनाबाईच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे काय आहे? जखमेत बंगला बांधून राहिल्या का?"

"माती हाय. आमच्या भट्टीची."

"फौजेत मी पोरांचे पाय कापताना धरलेत माय. वीस-बावीसचे पोट्टे. शुद्ध आली का पहिले खाली पाहत, पाय आहे का म्हणून. थे मागत होते आन् भेटला नाही. तुमच्यापाशी आहे, तर तुम्ही फुकट वाटून राहिल्या."

यमुनाबाईनं तिच्या थोबाडीत दिली. विश्वजित दारात थिजला. उत्कर्षानं तितक्याच सहज परत थोबाडीत दिली आणि गॉज उचललं.

"झालं? हलवू नोका आता."

कुणी आपल्यावर हात उचलला याचं यमुनाबाईला इतकं नवल वाटलं की पट्टी पूर्ण होईस्तोवर ती गप्प राहिली.

पण गप्प राहणं म्हणजे ऐकणं नव्हे. घरी इन्सुलिनची सुई आली की ती लाथा झाडायची. विश्वजितनं तिच्या छातीवर गुडघा ठेवून एकदा सुई टोचली आणि मग तासभर बाथरूममध्ये नळ सोडून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप घातलं. तिनं खलबत्त्यातल्या बत्त्यानं दाराची कडी ठोकायला सुरुवात केली. फळी फुटली. एका पायावर ती जिन्यापर्यंत आली तेवढ्यात तो परतला, काहीतरी विसरला म्हणून.

"कहाँ जा रही हो?"

"पाऊस तोंडावर आलाय. माती वाहून जाईल."

"जाने दो ना यार! मिट्टी है!"

"तुज्या बापाचं रगात हाय त्यात."

"और ये?" त्यानं तिच्या पट्टीकडं बोट केलं. पट्टी ओली, तांबडी झाली होती. "ये किसका है? पापा एक बार में गए। आप किश्तों में जाओगी क्या? आज उँगली, कल पंजा? मैं हर बार कंधा दूँ?"

तिनं हातातला बत्ता उगारला. तो हलला नाही. बत्ता त्याच्या कानाजवळनं जाऊन भिंतीवर आदळला, पोपडा निघाला. तो वळला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. फुटलेलं दार तसंच उघडं टाकून ती खाली उतरली, ई-रिक्षात बसली.

चौकात पोहोचेस्तोवर तिला ताप भरला होता. ढिगारा समोर दिसत होता आणि तिच्या अंगात तिथवर जायचं बळ नव्हतं. नफीसमियाँच्या पायरीवर ती बसली, म्हणजे कोसळलीच. ठकठक थांबली. म्हातारा बाहेर आला, तिचा पाय उचलून त्यानं आपल्या मोडक्या पाटावर ठेवला, पाणी दिलं आणि शेजारी बसला. पट्टी सुटलेल्या त्याच्या मनगटावर दातांची जांभळी कमान होती.

पाणी संपवून यमुनाबाई बोलली. तिची हिंदी अशी की निम्मी मराठीच.

"सगळे बोलते, वो जागा पर गया।"

"जी।"

"तुम भी बोलो. सगळे बोलते ना."

नफीसमियाँनी ढिगाऱ्याकडं बघितलं. "हाथ हिल रहा था, भाभी। मैंने भी देखा।"

यमुनाबाईनं झटकन मान वळवली.

"देखा तुमने?"

"देखा। फिर आपके बाल पकड़े।"

तिनं त्याची गचांडी धरली. म्हातारा खोकला, सोडवून घ्यायला गेला नाही. तिनं त्याचं डोकं चौकटीवर एकदा आपटलं. गल्लीतली दोघं धावली, त्यानं हातानंच त्यांना लांब थांबवलं.

"का वढलंस मला? त्याला का न्हाई?"

"उन तक हाथ नहीं पहुँचता था। आप तक पहुँचा।" कपाळाला रक्त आलं होतं, ते त्यानं बाहीनं पुसलं. "कोई बड़ी बात नहीं सोची मैंने। वक़्त ही कहाँ था। धुआँ था, दो आदमी थे, एक हाथ में आया। रोज़ सोचता हूँ, ग़लत किया कि सही। फिर सुबह आप आती हैं, थूकती हैं, तो दिल को तसल्ली होती है, चलो, ज़िंदा तो है।"

तिची पकड सैल झाली. मग ती ओरडली. रडली असं म्हणता येणार नाही. जनावर दावं तोडताना ओरडतं तशी. वरच्या खिडक्या उघडल्या. ती पायरीवर मुठी आपटत राहिली, 'हात हलत हुता, हात हलत हुता' एवढंच, आणि म्हातारा दर वेळी म्हणत राहिला, "जी। हिल रहा था।" आजवर सगळ्यांनी तिला त्या हातापासून लांब ओढलं होतं, बोलून बोलून. हा एकटाच त्या हातापाशी तिच्यासोबत उभा होता.

घसा बसला तेव्हा तिनं पदरानं नाक पुसलं आणि पाटावरच्या पायाकडं बघितलं. नीट, पहिल्यांदाच. सुजून भोपळा झालेला, घाणीनं माखलेला. विश्वजितला फोन लावायला तिनं म्हाताऱ्याचाच मोबाईल घेतला.

"ये. मला त्या हिंगणघाटवालीकडं घिऊन चल. आन् दार फुटलंय, सुताराला सांग."

त्यावेळी तिला पुन्हा टेबलावर घेतलं, आणखी बरंच कातडं उडवलं, पण पंजा राहिला. उत्कर्षा खरवडत होती; लाल रक्त आलं तेव्हा ती बोटानं दाखवत म्हणाली, "हे पाहा. इथवर जितं आहे. ह्याच्या वर मले काळं दिसलं ना, तर मी सोताच कापते."

"तू कापशीलच. हडळ हायस."

"हाव ना. तुमच्याच गोत्रातली."

महापालिकेचा माणूस सांगून गेला की पावसाच्या आत ढिगारा उचलणार, उरलेल्या भिंती धोक्याच्या आहेत. मधले दिवस थोडे होते. यमुनाबाई नफीसमियाँच्या दाराशी बाज टाकून बसली, पाय उशीवर. विश्वजित रजा टाकून आला. जाड तळव्याचे बूट घालून तो ढिगाऱ्याच्या कडेला थांबला आणि आईकडं बघायला लागला. त्यालाही आजोबांचा नियम ठाऊक होता.

यमुनाबाईनं दातओठ खाल्ले. त्या बुटांच्या खाचांत किती काय भरून रस्त्याला लागेल, तिला दिसत होतं.

"बघतोस काय मुडद्या? शिर आत. भट्टीच्या तोंडाकडची तेवढी भर. बाकीचं ऱ्हाऊ दे."

"पक्का?"

"आता शिरतोस का बत्ता आणू?"

त्यानं चाळलं, चुकीचं चाळलं, शिव्या खाल्ल्या, पुन्हा चाळलं. थोडी पोती भरली. निम्म्याहून जास्त ढिगारा तसाच राहिला आणि जेसीबी आला.

त्याचा पंजा वर गेला आणि भट्टीच्या जागेवर पडला. सिमेंटचा थर कडाडला, लोखंडी सळ्या आतड्यांसारख्या ओढल्या गेल्या. दुसऱ्या घासाला खालची काळी पडलेली फरशी निघाली, जिथं तो सापडला होता ती. यमुनाबाईचं अंग आपोआप उठलं. उशीवरचा पाय बाजेच्या कडेवर आला, खाली लोंबला, जमिनीपासून वीतभर. तिनं दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली आणि स्वतःला मागं ओढलं, जशी कुणी दुसऱ्याला ओढतं. नखांखाली लाकडाची कुसळं गेली. पाय वर आला नाही, पण खालीही गेला नाही.

"वाटुळं हुईल तुजं! मुडदा बशीवला तुजा! हळू उचल की रं भाड्या, माणूस हाय त्यात माजा! हात झडतील तुजे!"

ड्रायव्हरनं इंजिन धीमं करून विचारलं, "अम्माँ क्या कह रही हैं?"

"दुआ दे रही हैं," नफीसमियाँ म्हणाले. "ज़रा आहिस्ता उठाओ, मियाँ।"

त्यानं खरंच हळू उचललं. ट्रक भरला, ताडपत्री ओढली, आणि वळणावर भिंतीला घासत तो दिसेनासा झाला. गल्लीत नुसती धूळ उरली, आणि एक खड्डा, आभाळाकडं आ वासलेला. यमुनाबाईनं खालचा ओठ चावून फोडला होता. पाय तिनं हातांनी धरून, एखादं जड ओझं ठेवावं तसा, उशीवर परत ठेवला. पट्टी कोरडी होती.

विश्वजित नखशिखांत पांढरा होऊन आला, डबा उघडला, भाकरी काढली. बर्फाच्या थर्मासमधनं सुई काढून तो नेहमीसारखा सावध, लाथ लागणार नाही अशा अंतरावर उकिडवा बसला.

"आण हिकडं," ती म्हणाली.

तिनं पदर बाजूला केला, पोट चिमटीत धरलं आणि कुणाला तरी भोसकावं तशी सुई खुपसली.

"वाढ आता," ती म्हणाली. "आन् त्या म्हाताऱ्याला बी दे. डोकं फोडलंय म्या त्याचं."